नेमबाजाची एन्फिल्ड

एन्फिल्ड म्हटलं की आपल्याला 1857 चं चरबीचं काडतूस आठवतं. बंदूक मागेच राहते. ती होती 1853 च्या नमुन्याची ठासणीची रायफल. नळी 39 इंच, तोंड .577 इंच, आत तीन आटे. काडतूस दातांनी फोडून दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची, ठिणगीसाठी स्फोटक टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. गोळी तळाशी पोकळ असे. बार उडाला की तिचा घेर फुगून आट्यांत रुते आणि गोळी गिरकी घेत सुटे.

ब्रिटिश लष्कर एक बंदूक मंजूर करून तिला लाखेची मोहोर लावी. बाकीच्या तिच्याबरहुकूम घडवायच्या. म्हणजे सैनिकाच्या हातातली एन्फिल्ड मुळातच नक्कल. प्रश्न एवढाच, नक्कल किती चोख? एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकेहून आणलेली यंत्रं बसली आणि एका बंदुकीचा भाग दुसरीला बिनतक्रार बसू लागला. बर्मिंगहॅम-लंडनच्या खासगी कारागिरांकडे मात्र कानस चाले. एकीचा स्क्रू दुसरीत जाईलच असं नाही. 1861 ते 65 च्या अमेरिकन यादवीत दोन्ही बाजूंनी लाखो एन्फिल्ड घेतल्या, त्या बहुतेक या कानसवाल्यांच्या.

त्याच यादवीतल्या पलटणींची नावं घेऊन अमेरिकेतले हौशी नेमबाज 1950 पासून सामने भरवू लागले. संघाने घड्याळ लावून मातीची लक्ष्यं फोडायची, तीही त्या काळच्या बंदुकांनी. पुढे यादवीची शताब्दी जवळ आली आणि जुन्या बंदुकांना भाव चढला. शिवाय संग्राहकाला गंजाचं कौतुक असतं, पण नळीतला खड्डा नेमबाजाच्या काय कामाचा? न्यू जर्सीचा व्यापारी व्हॅल फोर्जेट इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्डोने व्हाल ट्रॉम्पियाला पोचला. तिथल्या बंदूककारांकडून त्याने आधी कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती करून घेतल्या, रायफली मागून आल्या. 1968 च्या अमेरिकन कायद्याने अशा ठासणीच्या प्रतिकृतींना पुराणवस्तूंत बसवलं. काल घडवलेली बंदूक कागदोपत्री पुराणवस्तू! धंद्याला आणखी काय हवं?

1970 च्या दशकात बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलने एन्फिल्ड पुन्हा काढली आणि त्यासाठी सरकारी संग्रहात जपलेल्या, मापं ताडायच्या मूळ गेजांचा आधार घेतला. म्हणूनच माझ्या मते यादवीतल्या कित्येक सैनिकांच्या ‘अस्सल’ एन्फिल्डपेक्षा ही नक्कल मोहोरबंद नमुन्याला जास्त जवळची. संग्राहकांना हे पटायचं नाही. नेमबाजाला तो वाद नकोच असतो. नळी लाकडाला तीन कड्यांनी आवळलेली 1853 ची लांब रायफल देखणी खरी, पण पुष्कळजण 1858 ची दोन कड्यांची घेतात. तिची नळी 33 इंचांची, आटे पाच. पीळ 48 इंचांत पुरा होतो, लांब रायफलीला 78 लागतात. घेताना नळीचा व्यास मोजायचा आणि गोळी त्याहून इंचाच्या हजाराव्या भागाने बारीक ठेवायची. फार सैल झाली तर ती आट्यांत नीट बसत नाही आणि नेम भरकटतो.

पार्कर-हेलचं हे काम पुढे थांबलं आणि तिच्या नावाच्या बंदुका इटलीतून येऊ लागल्या. तेव्हापासून जुनी पार्कर-हेल बघायला गेलेलं गिऱ्हाईक आधी नळीवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा, म्हणजे बंदुका पारखणाऱ्या संस्थेचा ठसा शोधतं. असला तर विकणारा जास्त पैसे मागतो आणि संग्राहक ते देतातही.