खाडी, खाजण आणि आगर

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे आता आपण गाडीच्या स्टेशनावर वाचतो. पण ही सारी साष्टी बेटावरची खेडी. बोरिवली आणि मुलुंड मुंबईच्या महापालिकेत आली ती १९५७ साली. १७३७ साली पोर्तुगीज गेले, मराठे आले; १७७४ च्या अखेरीस इंग्रज आले. राज्ये बदलली, तरी पाण्याची नि जमिनीची नावे कोळी-आगऱ्यांचीच राहिली. शहरी माणसाला खाडी काय नि खाजण काय, सगळा एकच चिखल! तिथे राबणाऱ्याला मात्र तसे म्हणून भागत नसे.

खाडी म्हणजे समुद्राचा आत शिरलेला फाटा. तिथे होडी चालते, जाळे पडते. खाजण ही जमीन. भरतीला तिच्यावर पाणी चढते, ओहोटीला उतरते. बांध घालून खारे पाणी अडवले आणि पावसाने मीठ धुऊन निघाले, की तिथे भात होते. बांध फुटला की पुन्हा खाजण.

आता आगर. गंमत पाहा, रत्नागिरीकडे विचाराल तर आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. भांडुप-मुलुंडकडे विचाराल तर मिठाचे वाफे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात या शब्दाला अर्थ आहेत, पण कोशापेक्षा वाफ्यात उभे राहून तो लवकर कळतो. दोन्हीकडे जागा आखायची, वाफे पाडायचे, पाणी खेळवायचे. म्हणून तर मीठसुद्धा 'पिकते' असे आपण म्हणतो. शिक्षक बंधूंनी वर्गात हा शब्द घेतला, तर कोकणातल्या नि ठाण्याकडच्या मुलांची चांगली जुंपेल.

खरा घोटाळा होतो तो 'पडीक' या शब्दाने. पडीक म्हणजे न पेरलेली जमीन. खाजणही पुष्कळदा पेरलेले नसते. पण ते रिकामे कुठे असते? तिवरे असतात, चिंबोऱ्या नि निवट्या असतात, आणि मुख्य म्हणजे भरतीच्या पाण्याला टेकायला जागा असते. कागदावर 'पडीक' लिहिले की डोळ्यांपुढे मोकळे मैदान येते, आणि मैदानावर भराव टाकायला कुणाचा हात अडत नाही.

तसे भराव उपनगरांत पुष्कळ पडले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यातच भरती आली. खाड्या तुंबल्या, आणि पाणी रस्त्यांवरून घरांत शिरले.