ऐकणारा माणूस कितीला पडतो?

"विमा नाही. मग परवडेल असा समुपदेशक कुठे मिळेल?" मोहोपाड्यात हा प्रश्न मला आता वरचेवर ऐकू येतो. विचारणारे बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरचे. कोणी पाताळगंगा एमआयडीसीत कंत्राटावर, कोणी पनवेलच्या कॉलेजात. नवी मुंबईत खासगी थेरपीच्या एका तासाला हजार-दोन हजार रुपये सहज लागतात. म्हणजे कंत्राटी कामगाराची दोन-तीन दिवसांची मजुरी, तीही दर आठवड्याला.

विमा असता तरी फार फरक पडला नसता. शारीरिक आजाराला जे संरक्षण तेच मानसिक आजारालाही द्या, असं कायदा २०१८पासून विमा कंपन्यांना सांगतो. पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरच पैसे देतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा भरही दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवरच आहे. खाटेचे पैसे मिळतात, बोलण्याचे मिळत नाहीत. हे असं का झालं याचा शोध घेत मी मागे जात राहिलो, तेव्हा लक्षात आलं की मानसिक आजारावर सरकारने सगळ्यात आधी खर्च केला तो भिंतींवर. त्यानंतर गोळ्या आल्या. शांतपणे ऐकून घेणाऱ्या माणसाची पाळी सगळ्यात शेवटी आली, आणि ती अजून पूर्ण आलेलीच नाही.

भिंत

१८५८मध्ये इंग्रज सरकारने वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. पुढच्या अर्धशतकात आपल्याकडे मोठी इस्पितळं उभी राहिली: नागपूर, रत्नागिरी, पुण्यात येरवडा. ठाण्याचं इस्पितळ १९०१चं, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचं. १९१२च्या कायद्याने ही इस्पितळं तुरुंग खात्याच्या हातून काढून डॉक्टरांकडे दिली. तरी आत जाण्याची वाट बहुधा मॅजिस्ट्रेटच्या आदेशातूनच जायची. तो कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. त्याची जागा घेणारा १९८७चा कायदा अमलात यायला १९९३ उजाडलं.

तिथे गरिबाला फी नव्हती, पण किंमत होती. एकदा आत गेलेला माणूस बाहेर येईल की नाही हे त्याच्या हातात नव्हतं, आणि बाहेर आल्यावर गाव त्याला पहिल्यासारखं वागवेल याचीही खात्री नव्हती. "याला ठाण्याला पाठवा", "येरवड्याला जागा आहे का बघा" हे आपण अजूनही चेष्टेत म्हणतो. मन थकलंय हे घरी सांगायला मुलं कचरतात, त्याच्या मुळाशी ही चेष्टा आहे.

शिवाय भिंतींआड जागा तरी किती होती? १९४६च्या भोर समितीच्या अहवालानुसार चाळीस कोटींच्या देशात मानसिक आजारासाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या. बाकीच्यांना घर, देऊळ, दर्गा किंवा भगत. आमच्या तालुक्यातल्या ठाकर-कातकरी वाड्यांवर आणि गावांतही भगताकडे जाणारे आजही आहेत. त्याला नुसतं हसून भागत नाही. भगत समोर बसवून घेतो, घरात काय चाललंय ते विचारतो, वेळ देतो. सरकारी ओपीडीत तेवढा वेळ कोणाकडे असतो? पण त्याच वाटेचं दुसरं टोक तमिळनाडूतल्या एरवाडीला दिसलं. ६ ऑगस्ट २००१ला तिथल्या एका आश्रमाला आग लागली. साखळदंडाने बांधलेल्या रुग्णांना पळता आलं नाही. २८ जण गेले.

गोळी

भिंतीला पहिलं दार पडलं ते साध्या इस्पितळांत. कलकत्त्यात १९३३मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी सर्वसाधारण रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी सुरू केली. मुंबईत १९३८मध्ये जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानींनी तेच केलं. पुढे केईएममध्ये डॉ. वाहियांचा विभाग उभा राहिला. १९५०च्या दशकात नवी औषधं आली आणि केसपेपर काढून, तपासून, संध्याकाळी घरी परतणं शक्य झालं. न्यायाधीशाची सही लागेनाशी झाली. सामान्य माणसाला परवडणाऱ्या मानसोपचाराची ही खरी सुरुवात.

पण ही दारं मुंबईत होती. इकडे १९६०मध्ये हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, रसायनीला तिचा कारखाना आला आणि मोहोपाडा त्याची बाजारपेठ झालं. पाळ्या, कॉलनी, बांधलेला पगार असं जगणं इथे रुजलं. २०१७मध्ये केंद्राने रसायनीचा तोट्यातला कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. आता इथे जास्त दिसतो तो कंत्राटी कामगार. पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर ते कार्ड इथल्या माणसाचा सगळ्यात जवळचा विमा आहे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ते लागू होतं, त्यात दाखल न होताही उपचार मिळतात, आणि सायकोसिससारख्या दीर्घ आजारात वाढीव रजेचा भत्ताही आहे. पण कंत्राटदार बदलला, मध्ये दोन-चार महिने काम नसलं, की कार्डाचा आधारही डळमळतो. नेमकी तेव्हाच झोप उडालेली असते.

हट्टी माणसं

सरकार पोचत नव्हतं तिथे काही माणसं हट्टाने उभी राहिली. १९८६मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. पैसे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिले, आणि जागा मिळाली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. ज्या भिंतीची लोकांना भीती, तिच्याच आत व्यसनी माणसाला माणूस म्हणून वागवणारं केंद्र निघालं. १९९०मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच उभारली. पुण्यात १९९७मध्ये डॉ. जगन्नाथ वाणींनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली. रुग्णांच्या घरच्यांनी एकत्र बसून एकमेकांशी बोलायचं, हे तिच्या कामातलं मोठं सूत्र.

आमच्या सगळ्यात जवळचं काम कर्जतचं. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८मध्ये मुंबईत श्रद्धा फाउंडेशन सुरू केलं. रस्त्यावर भरकटणाऱ्या मनोरुग्णांना उचलायचं, बरं करायचं आणि त्यांच्या गावी घरच्यांकडे नेऊन पोचवायचं. २००६मध्ये कर्जतला त्यांचं मोठं केंद्र झालं. २०१८ला डॉ. वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्याच्याकडे विमा तर सोडाच, स्वतःचं नावही सांगायला उरलेलं नाही, त्याच्यावर मोफत उपचार होऊ शकतात हे आमच्या शेजारच्या तालुक्यात सिद्ध झालंय. पण ती सोय रस्त्यावर आलेल्यांसाठी आहे. जो रोज पाळीला जातो, हसतो आणि रात्री छताकडे बघत पडतो, त्याच्यासाठी नाही.

शेजारच्या गोव्यात

त्याच्यासाठी काय करता येईल याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला गोव्यात सापडलं. तिथे १९९६मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 'संगत' ही संस्था काढली. त्यांचा प्रश्न सरळ होता: मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीत आणि होणारही नाहीत, मग बोलण्याचा उपचार साध्या माणसांना शिकवता येईल का? वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिकांना त्यांनी प्रशिक्षण दिलं आणि दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या सुमारे पाचशे रुग्णांवर तपासून पाहिलं. एका गटाला नेहमीची सुधारित सेवा, दुसऱ्याला तिच्याबरोबर सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्यातले ६४ टक्के. हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

म्हणजे ऐकणारा माणूस महाग असलाच पाहिजे असं नाही. शिकवलेला, देखरेखीखाली काम करणारा माणूस आरोग्य केंद्रात बसू शकतो.

आता हातात काय आहे

कायदा हेच म्हणतो. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ला लागू झाला. त्याच्या कलम १८ने परवडणारी, जवळ मिळणारी सेवा हा हक्क ठरवला. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी सेवा मोफत, मग त्याच्याकडे कार्ड असो वा नसो. सेवा प्राथमिक पातळीपासून असावी आणि रुग्णाला लांब जावं लागू नये, हेही त्यात आहे. जिल्ह्यात किमान सेवा नसेल, तर जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने उचलावा, इथपर्यंत तो जातो.

कागदावरून मोहोपाड्याच्या नाक्यावर उतरलो की चित्र असं दिसतं. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे दिवसाचा खाडा. ठाण्याच्या मनोरुग्णालयाची ओपीडी पनवेलहून लोकलने गाठता येते. तिथे गेलं म्हणजे कोणी आत ठेवून घेत नाही, तपासून घरी पाठवतात. जवळ म्हणाल तर चौकचं ग्रामीण रुग्णालय आणि कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय. आणि फोन: टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर १० ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही हेल्पलाइन २०१२पासून आहे. पहिलं बोलणं फोनवर झालं तर पुढे जाणं सोपं होतं. जीव द्यावासा वाटत असेल तर ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही. त्याच क्षणी १४४१६ लावायचा आणि घरातल्या कोणाला तरी उठवायचं.

१९ जुलै २०२३च्या रात्री चौकजवळ इरशाळवाडीवर दरड कोसळली. कितीतरी जण मातीखालीच राहिले. वाचलेल्यांना कंटेनरमध्ये छप्पर मिळालं, पुढे पक्की घरं मिळाली. घराचा हिशोब सरकारला मांडता येतो. आई-बाप, मुलं एका रात्रीत गेलेल्या माणसाला किती बैठका लागतात याचा हिशोब कुठल्या रजिस्टरात असतो? हे दुःख मोठं म्हणून दिसलं. एकेकट्याचं दिसतही नाही.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी आता एवढंच सांगतो. सरकारी दवाखान्यात गेलात की फक्त "झोप लागत नाही" म्हणून गोळ्या घेऊन परतू नका. खिडकीवर विचारा: मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या वारी येतात? समुपदेशक आहेत का? नसतील तर आम्हाला कुठे पाठवता, ते केसपेपरवर लिहून द्या. एकाने विचारलं तर दुर्लक्ष होईल. दर सोमवारी पाचजणांनी विचारलं, तर निदान तिथल्या डॉक्टरला वर कळवायला कारण मिळेल.