न्हाणीच्या पाण्यावरची बाग

बागेचा इतिहास म्हटला की आपल्याला बादशहाच आठवतात. आमच्या मराठवाड्यात तर बिबी-का-मकबराच उभा आहे. सतराव्या शतकातली ती चारबाग, तिचे पाण्याचे पाट, तिची कारंजी! पण आमच्या रेणापुरात, रेणुकादेवीच्या या गावात, आमच्या घरीही एक बाग होती. तिची नोंद कोणत्याच बखरीत नाही. वाड्याच्या परसात दहा हात लांब, आठ हात रुंद एवढाच तिचा विस्तार, आणि आमची आजी ही तिची बादशहा.

आजीने बाग आखताना आधी जागा पाहिली नाही, पाणी पाहिले. आडाचे पाणी हाताने शेंदावे लागे. ते झाडांना कोण घालणार? म्हणून न्हाणीचे पाणी जिथे निघे तिथे केळ आणि अळू. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी मिरचीला अन् कढीपत्त्याला. स्वच्छ पाण्याचा मान एकट्या तुळशीचा. दोडक्याला तिने जमीन अशी दिलीच नाही. तो भिंतीवरून थेट माळवदावर चढे. मधली जागा आम्हा पोरांची. कोणी कण्हेरीची फांदी आणून दिली, तर म्हणे, "ती वाड्याबाहेर लावा. रांगतं पोर काय तोंडात घालील, सांगता येत नाही." कण्हेर विषारी, हे तिला पुस्तकावाचून ठाऊक होते.

पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा कळले की या दहा हातांत सारे जग नांदत होते. मिरची आणि पेरू मूळचे अमेरिकेचे. पोर्तुगीजांची जहाजे आली, त्यानंतरचे हे पाहुणे. लक्ष्मीपूजनाला ज्याच्यावाचून आपले पान हलत नाही, तो झेंडू मेक्सिकोचा! आजीने कोणाचेच गोत्र विचारले नव्हते.

मग दारात नळ आला. आम्ही परसात शहाबादी फरशी घातली. आजी एवढेच म्हणाली, "आता पाणी कुठं जाईल रे?" आम्ही हसलो. गटारात जाईल, दुसरे कुठे!

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आले. पहिल्या खेपेला १० टाक्या, ५ लाख लिटर. ती बातमी ऐकली तेव्हा घरातले तांदळाचे धुवण फरशीवरून गटारात चालले होते. मला आजीचा प्रश्न आठवला. उत्तर ऐकायला ती राहिली नव्हती.

त्या पावसाळ्यात मी सहा फरश्या काढल्या. थोरले बंधू म्हणाले, "भिंतीला ओल धरेल." त्यांचे खरे होते, भिंत दगडमातीची. म्हणून दीड हात सोडून चर काढला. आणखी एक फेर करावा लागला. आजीच्या काळी राख आणि शिकेकाई होती, आता साबण आणि पावडर. ते पाणी भाजीला न देता कर्दळीला दिले. बाकी आखणी आजीचीच.

परवा नात विचारत होती, "आजोबा, कर्दळीला पाणी कधी घालायचं?"

म्हटले, "तू अंघोळ कर, म्हणजे झालं!"