चुकीचीही नक्कल होते

ज्ञानेश्वरी १२९० सालची. छपाई नव्हती, म्हणून ती हातानं उतरवली जायची. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. ग्रंथ टिकला तो त्यामुळेच. पण लेखनिकाची चूकही पुढच्या पोथीत उतरायची, कुणी स्वतःची ओवी घुसडली तर तीही. जवळपास तीनशे वर्षांनी, शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि यापुढे कुणी ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एक पोथी छापली, त्यांच्या मते एकनाथांच्याही आधीची. त्यावरून वाद झाले. पण पडताळायला दुसरी प्रत होती, हे काय कमी?

घाटकोपरला आमच्या घरी आजोबांच्या वह्यांचे स्कॅन नेटवर्क स्टोरेजवर आहेत. तिथून रोज रात्री ते एक्स्टर्नल ड्राइव्हवर जातात. हे काम ‘आरसिंक’ करतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी तो १९९६ मध्ये आणला. फाइलचा आकार आणि बदलाची वेळ पाहून तो बदललेलं तेवढंच नेतो. लेखनिकापेक्षा कितीतरी चलाख! खोड मात्र तीच, दिशा एकच. मूळ फाइल बिघडून सेव्ह झाली की बिघडलेलीच चांगल्या प्रतीच्या जागी बसते. ‘डिलीट’चा पर्याय चालू असेल, तर इथं पुसलेलं तिथंही पुसलं जातं.

म्हणून मी दर रात्रीचं वेगळं, तारखेचं फोल्डर ठेवतो. न बदललेल्या फाइली आधीच्या फोल्डरशी हार्ड लिंकनं जोडल्या जातात. त्यांना पुन्हा जागा लागत नाही. मंगळवारी एखादं पान बिघडलं, तरी सोमवारचं ड्राइव्हवर आहे.