औसा रोड : लोहमार्ग, मोटार आणि नियमन

लातूरहून कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘औसा रोड’ नावाचे स्थानक आहे. नाव औशाचे असले, तरी औसा गाव तेथून दूर असून उरलेली वाट रस्त्यानेच काटावी लागते. लोहमार्ग आणि रस्ता यांना जोडणारा हा दुवा कोणी सांभाळावा आणि त्यात स्पर्धेस किती वाव असावा, हा नियंत्रित उद्योगांच्या अभ्यासातील मूलभूत प्रश्न होय.

हा लोहमार्ग बार्शी लाइट रेल्वे या लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीने बांधला. २ फूट ६ इंच रुंदीची तिची गाडी १८९७ साली बार्शीस व १९११ साली लातुरास पोहोचली. पहिल्या महायुद्धानंतर मोटारगाड्या आल्या आणि लोहमार्गास प्रतिस्पर्धी निर्माण झाला. रेल्वेचे भांडवल रुळांत गुंतलेले. शिवाय ठरलेल्या दराने येईल त्यास नेणे तिला भाग होते. मोटारमालक मात्र किफायतीचा रस्ता निवडीत व तोट्याचा सोडून देत. ही स्पर्धा समान अटींवरची नव्हती. मिचेल-कर्कनेस अहवालाने (१९३३) या प्रश्नाचा विचार केला आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची पद्धत दृढ केली.

हैदराबाद संस्थानाने निराळा मार्ग धरला. १९३० साली रेल्वे सरकारने विकत घेतली आणि १९३२ साली त्याच रेल्वेच्या प्रशासनाखाली २७ बसगाड्या सुरू केल्या. मालक एकच झाल्यावर कलहाचे कारण उरत नाही, असा त्यामागील विचार दिसतो. परंतु औशाच्या बाजूस ही मात्रा लागू पडणारी नव्हती. कारण भूमी निजामाची असली, तरी रेल्वे परक्या कंपनीची होती.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळ व गोगटे यांनी मोटारबस वाहतुकीची केलेली पाहणी १९३५ साली प्रसिद्ध झाली. तिचे क्षेत्र मुंबई इलाख्यातील सहा जिल्हे हे होते. सरहद्दीपलीकडील औसा साहजिकच तिच्या कक्षेबाहेर राहिले.

पुढे १९५१ साली हैदराबादची बस वाहतूक रेल्वेपासून विभक्त झाली. १९५४ साली बार्शी रेल्वे केंद्र सरकारने घेतली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला व १९६१ साली महाराष्ट्राचे मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. अशा रीतीने दोन्ही वाहने सार्वजनिक मालकीची झाली खरी, पण रेल्वे केंद्राकडे व बस राज्याकडे गेली. खाजगी मालक गेले, तरी दोन मालकांचा प्रश्न राहिलाच.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. मालकी आणि नियमन या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली बदलल्याने दुसरीचे कार्य संपत नाही. २००८ साली हा मार्ग रुंद झाला, परंतु स्थानक व गाव यांतील अंतर होते तेवढेच राहिले. गाडीतून उतरलेल्या उतारूस वेळेवर, परवडणाऱ्या दरात, पावसाळ्यातही घरी जाता येते काय, हीच नियमनाची खरी कसोटी होय. ती लावावयाची असेल, तर अभ्यासकाने कायद्याच्या पुस्तकाबरोबर औसा रोडचा फलाटही पाहिला पाहिजे.