बिल्ला आणि हात : इंग्रजी सायकलींच्या घराण्यांचा इतिहास

सायकलीच्या हँडलाखाली, मानेच्या नळीवर, पितळेचा किंवा पत्र्याचा एक लहानसा बिल्ला बसविलेला असे. आमच्या आधीच्या पिढीतील पुष्कळांना इंग्लंडातील गावांची नावे भूगोलाच्या पुस्तकाने शिकविली नाहीत, ती या बिल्ल्यांनी शिकविली. बगळ्याचे मस्तक आणि त्याखाली नॉटिंगहॅम, तीन बंदुकांची मांडणी आणि तिच्यामागे बर्मिंगहॅम. लहानपणी आम्हांला प्रश्न पडे की, सायकलीवर बंदुका कशासाठी? घरातील वडीलधाऱ्यांना विचारले तर "कंपनीची खूण आहे ती" एवढेच उत्तर मिळे. खूण म्हणजे काय, ती कोणाची, आणि तिच्यावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

बंदुकांचे कोडे सोपे आहे. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूककारागिरांनी एकत्र येऊन एक कंपनी काढली. तीच पुढे बी. एस. ए. या आद्याक्षरांनी जगभर गेली. सरकारकडून बंदुकांची मागणी आली की भट्ट्या पेटत आणि मागणी आटली की कारागीर बसून राहत. हातात कसब आहे, यंत्रे आहेत, पण काम नाही, अशा स्थितीत १८८० च्या सुमारास ही कंपनी सायकलींकडे वळली. ज्या हातांनी बंदुकीची नळी घडविली त्याच हातांनी सायकलीची नळी घडविली. बिल्ल्यावर बंदुका राहिल्या त्या अशा.

कॉव्हेंट्री गावाची कथा याहून बोलकी आहे. त्या गावाचे पोट दोन धंद्यांवर भरत असे. एक रेशमी फितींचे विणकाम, दुसरा घड्याळे. १८६० साली इंग्लंडने फ्रान्सशी व्यापारी तह केला, जकात उठली, फ्रेंच फिती बाजारात आल्या आणि कॉव्हेंट्रीचे माग थंडावले. गावात शिवणयंत्रांचा एक कारखाना निघाला होता. तेथील एका संचालकाचा पुतण्या पॅरिसमध्ये राहत असे. त्याने १८६८ मध्ये तिकडची एक लाकडी चाकांची पायगाडी गावात आणली आणि अशा गाड्या येथेच बनवा असे सुचविले. १८६९ मध्ये कारखान्याने आपले नावच बदलून घेतले. या कारखान्यातील जेम्स स्टार्ली या कल्पक यंत्रकाराने पुढे ताणलेल्या तारांचे आरे असलेल्या चाकाला व्यवहारात आणले. लाकडी आरा भार दाबून पेलतो, तारेचा आरा भार ताणून पेलतो, एवढाच भेद. पण त्यानेच चाक हलके झाले. त्याचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये 'रोव्हर' नावाची सायकल पुढे आणली. जवळजवळ सारखी दोन चाके, मागच्या चाकाला साखळी, मध्ये बसणारा स्वार. आज आपल्या गल्लीत उभी असलेली सायकल तिचीच वंशज आहे.

तथापि सायकल ही एका घराण्याची निर्मिती मुळीच नव्हे. ती घडली सुट्या भागांतून आणि प्रत्येक भागाला निराळा धनी आहे. साखळीचे श्रेय हान्स रेनोल्ड या मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या स्विस गृहस्थाचे (१८८०). हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच नोंदविली होती. पण तेव्हा तिला गिऱ्हाईक नव्हते. १८८८ मध्ये बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने तीच कल्पना नव्याने मांडली, आणि टायरवर नाव राहिले ते डनलॉपचे. बर्मिंगहॅमचा ब्रुक्स १८६६ पासून घोड्यांचे चामडी सामान करीत असे. त्याने १८८२ मध्ये सायकलीच्या चामडी सीटचे पेटंट घेतले. त्याच गावात रेनॉल्ड्स घराण्याचा धंदा होता खिळ्यांचा. त्या घराण्यातील आल्फ्रेड रेनॉल्ड्स याने १८९७ मध्ये अशा नळीचे पेटंट घेतले की जिची जाडी दोन टोकांना अधिक आणि मध्ये कमी असते. सांधा जेथे तापवून जोडावयाचा तेथे धातू भरपूर हवा, मध्ये तो केवळ ओझे होतो, हे साधे गणित. १९३५ मध्ये या घराण्याने मँगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाची '५३१' नावाची नळी काढली, आणि ती उत्तम सायकलीचे दुसरे नाव होऊन बसली.

आता नॉटिंगहॅमकडे वळू. तेथे रॅले स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर वुडहेड, आंजुआ आणि एलिस या तिघांचे लहानसे दुकान होते. फ्रँक बाउडेन नावाचा एक श्रीमंत गृहस्थ हाँगकाँगमध्ये पैसा मिळवून, प्रकृती गमावून मायदेशी परतला होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने सायकल चालविण्यास सुरुवात केली, प्रकृती सुधारली, आणि ज्या दुकानाची सायकल त्याला आवडली त्या दुकानात त्याने आपले भांडवल घातले. १८८८ अखेर कंपनी स्थापन झाली. नाव राहिले रस्त्याचे, प्रसिद्धी मिळाली बाउडेनला. वुडहेड, आंजुआ आणि एलिस ही नावे आज किती जणांना ठाऊक आहेत?

याच कंपनीच्या तीन गतींच्या हबची गोष्ट तर मनाला लागते. १९०२-०३ मध्ये बाजारात आलेल्या त्या हबला स्टर्मी-आर्चर असे नाव मिळाले, आणि अर्धे शतक ते जगभर फिरले. परंतु त्यामागील मुख्य बुद्धी विल्यम रायली या यंत्रकाराची होती, असे सायकलींच्या अभ्यासकांनी साधार दाखविले आहे. रायलीने पूर्वी दोन गतींचा हब शोधला होता आणि त्याच्या करारात पुढील शोधांचे हक्कही तो देऊन बसला होता. म्हणून नव्या हबचे पेटंट आर्चर या त्याच्या सहकाऱ्याच्या नावाने निघाले. हबवर स्टर्मी आले, आर्चर आले; रायली मात्र आला नाही. बिल्ला एकाचा आणि हात दुसऱ्याचा, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

यानंतरची रॅलेची चढती कमान डोळे दिपविणारी आहे. १९५१ च्या सुमारास तिचे उत्पादन वर्षाला दहा लाखांच्या घरात गेले. १९५७ मध्ये तिने बी. एस. ए. चा सायकलविभाग विकत घेतला आणि १९६० मध्ये ती स्वतः ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या मोठ्या उद्योगसमूहात विलीन झाली. एकेकाळचे प्रतिस्पर्धी बिल्ले आता एकाच छपराखाली ठोकले जाऊ लागले. गिऱ्हाइकाला वाटे आपण निवड करतो आहोत. कारखान्यात फरक असे रंगाचा आणि पट्टीचा. या कारखान्यात लहानपणी काम केलेल्या ॲलन सिलिटो याने १९५८ च्या आपल्या कादंबरीत नगावर मजुरी मिळविणारा, यंत्रापाशी उभा राहून दिवस मोजणारा कामगार रंगविला. बिल्ल्यामागचा हात साहित्यात आला तो त्रासलेला आणि रागावलेला असा आला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडेही याच काळात पालट झाला. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर बंधने आली तेव्हा इंग्रजी कंपन्यांनी येथेच भागीदारीत कारखाने काढले. रॅलेच्या सायकली आसनसोलला होऊ लागल्या. मद्रासजवळ अंबत्तूर येथे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने हर्क्युलिस आणि बी. एस. ए. ही नावे चालविली. गंमत अशी की, ज्या नावांचे मूळ कारखाने बर्मिंगहॅममध्ये नामशेष झाले, ती नावे भारतात जिवंत राहिली. नॉटिंगहॅमलाही तीच गत आली. तेथे सायकलींचे सांगाडे बनविणे १९९९ मध्ये थांबले आणि जुळणी २००२ मध्ये. स्टर्मी-आर्चरची यंत्रे २००० मध्ये तैवानच्या कंपनीने विकत घेऊन नेली. कारखान्याच्या जागेवर आता विद्यापीठाच्या इमारती उभ्या आहेत.

येथे हा इतिहास संपला असता. पण एक धारा निराळ्या वाटेने, शब्दशः डोंगराच्या वाटेने, वाहत होती. मार्च १९१९ मध्ये, महायुद्ध संपून काही महिनेच झाले असताना, 'वेफेरर' या टोपणनावाने लिहिणाऱ्या रॉबिन्सन या गृहस्थाने काही सोबत्यांसह वेल्समधील बर्विन डोंगररांग बर्फातून सायकली ढकलीत ओलांडली आणि त्यावर लेख लिहिला. १९५५ मध्ये अशाच वाटा तुडविणाऱ्या मंडळींनी लेमिन्स्टर येथे 'रफ-स्टफ फेलोशिप' नावाची संस्था काढली. डोंगरी सायकल असा प्रकार बाजारात नव्हता. साध्याच सायकली ही मंडळी खांद्यावर घेत, ओढ्यातून नेत. त्यांच्या सीटमागे बहुधा एक मेणकापडी पिशवी असे. लँकेशरमधील नेल्सन या गिरणगावात विल्फ कॅरेडिस याने १९३२ मध्ये स्वतःसाठी अशी पहिली पिशवी शिवली होती. तेथील पिशव्यांच्या आत एक चिठ्ठी शिवलेली असते आणि तीवर ती पिशवी शिवणाऱ्याचे नाव असते. रायलीची कथा ऐकल्यानंतर या चिठ्ठीचे मोल काय ते निराळे सांगावयास नको.

खास डोंगरासाठी घडविलेली, रुंद टायरांची सायकल मात्र १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुणांनी रूढ केली. तिचे श्रेय इंग्लंडला देणे अन्यायाचे होईल. तिची लाट इंग्लंडात आली तेव्हा मोठी घराणी चाचपडत होती आणि लहान माणसे पुढे झाली. १९८४ च्या अखेरीस निकोलस आणि रिचर्ड क्रेन हे चुलतभाऊ 'सारासेन' या इंग्रजी कंपनीच्या सायकली घेऊन किलिमांजारोच्या ५,८९५ मीटर उंच माथ्यावर पोहोचले. यॉर्कशरमध्ये 'पेस' ने चौकोनी ॲल्युमिनियम नळ्यांची सायकल केली. त्याच परगण्यातील हॅलिफॅक्स गावी १९८८ मध्ये 'ऑरेंज' सुरू झाली. तिने ॲल्युमिनियमचा पत्रा दुमडून, जोडून पोकळ पेटीसारखा सांगाडा बनविला. कागदपत्रांच्या कपाटासारखा दिसतो अशी त्याची चेष्टा होई. पण त्याच सायकलीवर शेफील्डच्या स्टीव्ह पीटने २००२ आणि २००४ मध्ये उताराच्या शर्यतींचा विश्वचषक मिळविला.

नेल्सनपासून काही मैलांवर बार्नोल्ड्सविक हे दुसरे गिरणगाव आहे. तेथील माग थांबल्यावर रोल्स-रॉइसचा विमानइंजिनांचा कारखाना आला. तेथे काम केलेल्या इयन वेदरिल आणि सायमन शार्प या दोघा हत्यारकारांनी १९८९ मध्ये 'होप' ही कंपनी सुरू केली. दोघांनाही डोंगरात सायकल चालविण्याचा नाद. पेनाइन टेकड्यांतला चिखल वाळूमिश्रित; तो रिमवर चढला की रबरी ब्रेकचे गट्टे झिजत आणि ऐन उतारावर ब्रेक लागत नसे. त्यांनी विचार केला की ब्रेक चिखलापासून दूर, चाकाच्या मध्याशी न्यावा, म्हणजे पोलादी तबकडी फिरेल आणि तिला चिमटा धरील. स्वतःची अडचण, स्वतःचे यंत्र, आणि चाचणीला दारातला डोंगर. आजही ही कंपनी आपले बहुतेक भाग त्याच गावात कातते. तिकडे रेनॉल्ड्सने १९९५ मध्ये '८५३' हे जोडताना कमकुवत न होणारे पोलाद काढले आणि खिळ्यांच्या त्या घराण्याच्या नळ्या पुन्हा डोंगरावर गेल्या.

मग निष्कर्ष काय काढावा? मोठे तेवढे वाईट आणि लहान तेवढे चांगले, असे आम्ही म्हणणार नाही; इतिहास तसे म्हणू देत नाही. ऑरेंज २०२४ च्या आरंभी प्रशासकांच्या हाती गेली होती आणि मग सावरली. आणि मोठ्या कारखान्यांनी सायकल स्वस्त केली नसती तर आपल्याकडील शिक्षक, पोस्टमन आणि गिरणीकामगार यांना ती कधीच मिळाली नसती. हे ऋण मानलेच पाहिजे. पण एक गोष्ट निश्चित दिसते. जोवर बिल्ला हा त्यामागच्या हाताची जबाबदारी घेतो तोवर तो खूण असतो. हात सुटला आणि बिल्ला उरला की तो केवळ विकत घेण्याजोगी वस्तू होतो. सपाट रस्त्यावर हा फरक पुष्कळ दिवस झाकून राहतो. डोंगराच्या उतारावर तो क्षणात उघडा पडतो.

पुण्यात तासाच्या भाड्याने सायकली मिळत त्या दिवसांत आमच्या पेठेत एक सायकलवाले होते. कोणी सायकल विकत घेण्यापूर्वी त्यांना दाखवायला नेली की ते बिल्ल्याकडे पाहतच नसत. मागचे चाक उचलीत, पायडल फिरवून सोडून देत आणि मान तिरकी करून ऐकत. छर्रे कुरकुरले की म्हणत, "नाव मोठं आहे हो, पण घाई झालेली दिसते." दीडशे वर्षांच्या या इतिहासातून आम्ही जे शिकलो ते त्यांना चाकाच्या आवाजावरून कळत असे. आपणही बिल्ला जरूर वाचावा, त्याचे कौतुकही करावे. पण आधी चाक फिरवून ऐकावे.