चिखलदरा परिसरातील शालेय क्षेत्रभेट

चिखलदरा परिसरातील शालेय क्षेत्रभेट : मूळ वास्तू, वापरातील वस्तू आणि जाणती माणसे यांच्याकडून शाळकरी मुलांना स्थानिक इतिहास शिकता यावा, यासाठी योजलेला अभ्यासक्रम-पूरक उपक्रम. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत सुमारे १,१०० मी. उंचीवर वसलेले थंड हवेचे ठिकाण. हिवाळ्यात वऱ्हाडातील शाळांच्या सहली परतवाड्यावरून घाट चढून येथे येतात. ‘पॉइंट’ पाहून परतणाऱ्या सहलीपेक्षा क्षेत्रभेट वेगळी ठरते ती कामामुळे. मोजणे, रेखाटणे, विचारणे आणि ऐकलेले पडताळणे ही कामे मुलांना आधीच वाटून दिलेली असतात. या भागाचा इतिहास काचेच्या कपाटात थोडा आणि तटबंदीत, गावात, गोठ्यात जास्त आहे. त्यामुळे शहरात संग्रहालय जे काम करते, ते येथे क्षेत्रभेटीकडून अपेक्षित असते.

पार्श्वभूमी : खास मुलांसाठीचे पहिले संग्रहालय १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुरू झाले. वस्तू हाताळून शिकण्याची पद्धत पुढे अशा संग्रहालयांतून जगभर पसरली. विदर्भातील सर्वांत जुने संग्रहालय म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय; लोक त्याला ‘अजब बंगला’ म्हणतात. हाताच्या कामातून शिक्षण हा विचारही विदर्भाला परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी ‘नई तालीम’ची मांडणी केली. अलीकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरते संग्रहालय आणि २०१९ मध्ये बालसंग्रहालय सुरू केले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षण सुचविले आहे. बालभारतीचे तिसरीचे परिसर अभ्यासाचे पाठ्यपुस्तक जिल्हावार निघत असल्याने, आपल्या जिल्ह्याची तोंडओळख मुलांना सहावीत येण्याआधीच झालेली असते.

गाविलगड : गावापासून सुमारे २ किमी. अंतरावरील हा किल्ला क्षेत्रभेटीचे मुख्य स्थळ होय. येथे गवळी राजांची मातीची गढी होती, असे परंपरा सांगते. दगडी किल्ला बहमनी सुलतान अहमदशाह वली याने १४२५ च्या सुमारास बांधविला, असे इतिहासकार फिरिश्ताच्या ग्रंथात आहे. बहमनी सत्ता फुटल्यावर फतहुल्ला इमादुल्मुल्क याने १४९० मध्ये वऱ्हाडात इमादशाही स्थापन केली. अचलपूर आणि गाविलगड ही तिची मुख्य ठाणी. फतहुल्ला मूळचा विजयनगरकडील ब्राह्मण कुळातला होता, असेही फिरिश्ता नोंदवितो. किल्ल्याच्या दरवाज्यावर हत्तींना पंजात धरलेला दुतोंडी गंडभेरुंड कोरलेला आहे. दक्षिणेतील हे चिन्ह वऱ्हाडच्या सुलतानाच्या दारावर कसे आले, हा प्रश्न मुलांपुढे ठेवला की शिल्पाचे रेखाटन आणि पाठ्यपुस्तकातील राजघराण्यांची यादी यांची सांगड लागते.

दुसरा धडा भूगोलाचा. किल्ल्याला बहुतेक बाजूंनी खोल दऱ्या आहेत. उत्तरेकडून मात्र तो चिंचोळ्या धारेने पठाराशी जोडलेला आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने जड तोफा सुमारे ३० मैल डोंगरवाटांनी ओढत याच बाजूस आणल्या. १५ डिसेंबर १८०३ रोजी बाहेरच्या कोटाला खिंडार पडले, आतल्या तटाला शिड्या लागल्या आणि जनरल आर्थर वेलस्लीच्या आधिपत्याखालील फौजेने किल्ला घेतला. नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढाईत पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला; वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, गाविलगड आणि नरनाळा मात्र त्यांच्याकडे राहिले. उत्तरेच्या तटावर मुलांना उभे करून ‘तुम्ही तोफा कुठे ठेवाल?’ असे विचारले, की उत्तर जमीनच देते. गडावरील तलावांची मोजणी हे याला जोडून येणारे काम आहे : गडावर किती शिबंदी राहू शकेल, याचा अंदाज पाणीसाठ्यावरून बांधता येतो.

आख्यायिका आणि पुरावा : भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले आणि भीमकुंडात हात धुतले, ही कथा चिखलदऱ्यात जागोजाग ऐकू येते. नोंदवहीत आख्यायिका, लेखी पुरावा आणि वास्तूचा पुरावा असे तीन रकाने आखल्यास ही कथा, फिरिश्ताची नोंद आणि दरवाज्यावरचे शिल्प आपापल्या जागी जातात. कथा खोटी ठरविणे हा त्याचा हेतू नसतो. कोणती गोष्ट कशावरून कळली, हे सांगता यावे एवढाच असतो.

गावातील वस्तू आणि माणसे : चिखलदऱ्याभोवतीच्या मेळघाटातील कोरकू समाजाची भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुलातील मुंडा शाखेची असून तिच्या शेजारच्या मराठी-हिंदीशी तिचे कुळाचे नाते नाही. पूर्वजांच्या स्मरणार्थ सागवानी फळ्यांवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरून त्या झाडाखाली रोवण्याची प्रथा कोरकूंत आहे. या फळ्या श्रद्धेच्या असल्याने त्या पाहाव्यात, हाताळू नयेत. हाताळण्याजोग्या वस्तू घरोघर मिळतात : जाते, उखळ-मुसळ, पायली-शेराची मापे, गवळ्यांची दुधाची भांडी, बांबूच्या टोपल्या. पसाभर कुटकी कांडून, पाखडून तिचा तांदूळ काढायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहिले, की जुन्या दिनक्रमातील श्रम वाचून कळतात त्याहून अधिक कळतात. अशा वस्तूंची पेटी शाळेला गावाच्या मदतीने भरता येते. प्रत्येक वस्तूसोबत तिचे स्थानिक नाव, वापर आणि देणाऱ्याने सांगितलेली माहिती लिहून ठेवावी लागते. इंग्रजी अमदानीतील कॉफीची लागवड आणि जुने बंगले हा आणखी एक थर. सेमाडोह येथील वनविभागाचे निसर्ग परिचय केंद्र जंगलाच्या बाजूने त्याला पूरक ठरते.

नियम आणि मर्यादा : गाविलगड संरक्षित स्मारक आहे. खापराचा तुकडाही जागचा हलवू नये. त्याचे चित्र काढावे, जागा नोंदवावी. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात प्रथम जाहीर झालेल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी असल्याने जंगलात शिरताना वनविभागाचे नियम लागू होतात. पावसाळ्यात धुके आणि निसरडे दगड यांमुळे गड लहान मुलांसाठी योग्य नसतो. गावकऱ्यांना प्रदर्शनातील वस्तूंसारखे वागविणे हा या उपक्रमातील सर्वांत मोठा धोका. मुलाखत संमतीने घ्यावी, छायाचित्र विचारून काढावे आणि कौशल्य दाखविणाऱ्याला त्याचा मोबदला द्यावा.

मेळघाटातील आश्रमशाळांसाठी या उपक्रमाची दिशा उलटते. तेथील कोरकू मुलांना कुटकी, मोह आणि कोरीव फळ्या यांची माहिती घरातूनच असते; त्यांना गरज असते ती हे ज्ञान लिहून, नकाशात मांडून शाळेत मान्य होण्याची. अमरावतीच्या वर्गाने विचारलेले प्रश्न आणि मेळघाटच्या वर्गाने दिलेली उत्तरे एकाच वहीत आली, तर दोन्ही शाळांपाशी स्थानिक इतिहासाचे नवे साधन तयार होते आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीला तेथून पुढे काम सुरू करता येते.